सेटवरची उमेदवारी आणि प्रभातच्या जागेतली शाळा

चित्रपट करायला शिकण्याच्या महाराष्ट्रात दोन रीती आहेत. जुनी रीत उमेदवारीची. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम असेच तयार झाले. पडदे रंगवायचे, सेट ठोकायचे, वेळ पडली तर कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे, नाहीतर कॅमेऱ्यामागे. वर्ग नव्हता, वेळापत्रक नव्हते, प्रमाणपत्राचा तर प्रश्नच नव्हता. पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतःच घडवला होता, त्यामुळे त्यांच्या हाताखाली राहणे हाच अभ्यासक्रम. याच मंडळींनी १९२९ साली प्रभात काढली, १९३३ साली ती पुण्याला आणली, आणि १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ने पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नाव काढले.

दुसरी रीत शाळेची, आणि ती सरकारी अहवालातून आली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली अहवाल दिला. चित्रपटांना कर्ज देणारी संस्था हवी, जुने चित्रपट जपणारे संग्रहालय हवे आणि तंत्र शिकवणारी संस्था हवी, अशा त्यातल्या शिफारशी होत्या. तोवर प्रभात मोडकळीला आली होती. तिची लॉ कॉलेज रोडवरची जागा सरकारकडे आली आणि १९६० साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. १९७४ साली दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण येऊन मिळाले आणि आजचे लांबलचक नाव पडले, ज्याचे लोकांच्या तोंडी एफटीआयआय होते. ज्यांनी चित्रपटाची शाळा कधी पाहिली नव्हती, त्यांनी बांधलेल्या स्टुडिओत चित्रपटाची शाळा भरू लागली. जगात ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. मॉस्कोत १९१९ सालीच अशी शाळा निघाली होती, दुसऱ्या महायुद्धानंतर प्रागला आणि पोलंडमधल्या लोत्झला निघाल्या. सगळ्या सरकारी. पुण्याचीही केंद्र सरकारची.

शाळा बरी की सेट, हा वाद पुण्या-मुंबईच्या कॅन्टीनमध्ये साठ वर्षे चालला आहे. घाटघरहून तो जरा वेगळा दिसतो, म्हणून इथे तो तिथल्या एका पडवीत मांडला आहे. घाटघर म्हणजे जुन्नर तालुक्याचे पश्चिमेचे टोक. पाठीशी जीवधन, पुढे नाणेघाट, आणि घाटाखाली कोकण. पावसाळ्यात भात, उन्हाळ्याच्या तोंडावर हिरडा, आणि उरलेल्या दिवसांत ज्याला जिथे काम मिळेल तिथे. वादाच्या दोन बाजू दोन माणसांना दिल्या आहेत. मामा गोरेगावच्या चित्रनगरीत लाइटमन, चैत्रातल्या यात्रेसाठी रजा टाकून आलेला. भाची जुन्नरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि पुण्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तिच्या मोबाइलवर अर्धा भरलेला. अंगणात हिरडा वाळत आहे.

मामा : तीन वर्षं पिक्चर बघायला सरकारी शाळा? अगं, नारायणगाव आपल्याच तालुक्यातलं. विठाबाईनं कुठं अर्ज भरला होता? बापाचा फड होता, पोर बोर्डावर उभी राहिली, बघून बघून शिकली. पुढं सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली.

भाची : बापाचा फड होता म्हणून. आपल्या घरात कुणाचा फड आहे, मामा? फडाला दार असतं, पण आत जन्मलेल्याला. बाहेरच्यानं कुठून शिरायचं?

मामा : मी कसा शिरलो? गावकीतला एक जण स्टुडिओत होता. त्यानं केबल ओढायला लावलं. सहा महिने नुसती केबल.

भाची : म्हणजे वशिला.

मामा : वशिला नाही. ओळख.

भाची : फरक काय?

मामाने यावर बिडी शिलगावली. उत्तर त्याच्याकडे नव्हते असे नाही. पण उमेदवारीच्या पद्धतीची दुखरी जागा हीच आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड विठाबाईंना घरातच मिळाला. तमाशात, बँडपथकात, मूर्तिकारांच्या कारखान्यात आणि सिनेमातही विद्या नात्यागोत्याने खाली उतरते. त्यात शिकवण कमी प्रतीची असते असे कुणी म्हणणार नाही. विठाबाईंकडे पाहून तर नाहीच. प्रश्न एवढाच की दाराशी उभे कोण राहू शकते. शाळेच्या दाराशी निदान पाटी असते. पुण्याच्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या शाखांना कोणत्याही विषयातली पदवी चालते. लेखी परीक्षा होते, मग प्रत्यक्ष चाचणी आणि मुलाखत. केंद्राची संस्था असल्याने आरक्षण लागू आहे. मात्र एका शाखेत जागा जेमतेम दहा-बारा, म्हणजे आदिवासींच्या वाट्याला एखादीच. दार उघडे आहे, पण अरुंद आहे. भाचीच्या बाजूनेही हे लपवण्यात अर्थ नाही.

मामा : नाणेघाटात तो दगडी रांजण बघितलास ना? जकातीचा म्हणतात तो. तुझी ती शाळा म्हणजे तसलाच रांजण. नाणं टाका, मग वर या.

भाची : आणि तुमच्या कार्डाचं काय?

घाटघरच्या माणसाला रांजणाचा दाखला सहज सुचतो. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरला चढणारा माल याच घाटाने येई. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत; आणि वाटेवरच्या त्या रांजणात जकात पडे असे मानतात. मुंबईच्या चित्रपट उद्योगातही वाट फुकट नाही. लाइटमन, मेकअप, कॅमेरा, संकलन, प्रत्येक कामाची संघटना आहे, तिचे सभासदत्व घ्यावे लागते, आणि त्यालाच सगळे ‘कार्ड’ म्हणतात. कार्डाला पैसे पडतात आणि ओळख लागते. तेव्हा जकात दोन्ही वाटांवर आहे. शाळेची जकात आधी आणि पावती देऊन घेतात. सेटवरची थोडी थोडी, पण वर्षानुवर्षे.

आता शाळेत शिकवतात काय, हे पाहायला हवे, कारण मामाचा ‘तीन वर्षं पिक्चर बघायला’ हा टोमणा अर्धा खरा आहे. पिक्चर बघणे हा तिथल्या शिक्षणाचा मोठा भाग आहे. संग्रहालय हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जगभरचे चित्रपट पडद्यावर पाहण्याची सोय पुण्यात होती, जेव्हा मुंबईच्या निर्मात्यालाही ती नव्हती. पी. के. नायर यांनी हे संग्रहालय उभे केले आणि डबे मिळतील तिथून गोळा केले. सतीश बहादूर यांनी चित्रपट एकेक दृश्य सोडवून वाचायला शिकवले. ऋत्विक घटक साठच्या दशकाच्या मध्यावर थोडा काळ उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम ही त्यांच्या तालमीतली मुले. आवारातल्या एका आंब्याच्या झाडाला विज्डम ट्री म्हणतात, आणि वर्गापेक्षा तिथेच जास्त शिकलो असे सांगणारे माजी विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या भेटतात. या सांगण्यात थोडा नखरा असतोच.

पण बघणे हा भागच. बाकीचा वेळ हाताने करण्यात जातो. सलगता कशी राखायची याचा छोटा पाठ, एकाच खोलीत माणसे आणि कॅमेरा हलवण्याचा पाठ, संवादाचा प्रसंग, आणि शेवटी डिप्लोमा फिल्म. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन आणि ध्वनी या चार शाखांतले एकेक विद्यार्थी मिळून तुकडी होते आणि काम अडले तर एकमेकांवर ओरडत ते पुढे नेतात. पूर्वी हे सगळे फिल्मवर चाले. काळ्या कापडाची दुहेरी पिशवी, तिला दोन बाह्या. त्यांत हात घालून, आत काही दिसत नसताना, कोरी फिल्म मॅगझिनमध्ये बोटांनी चढवायची. एखादा वळसा चुकला किंवा उजेडाची फट राहिली की दिवसाचे काम मातीत. पस्तीस मिलिमीटरच्या ४०० फुटांच्या रिळात जेमतेम साडेचार मिनिटे मावत, त्यामुळे ‘अॅक्शन’ म्हणण्याआधी चार वेळा विचार होई.

मामा : हे मला सांगू नकोस. घामानं डबडबलेले अटेंडंट बघितलेत मी. त्यातला एकही शाळेतला नव्हता, आणि एकाचीही फिल्म कधी जळाली नाही.

भाची : मग आता? आता तर फिल्मच नाही. मोबाइलवर तासभर घेता येतं.

मामा : तेच म्हणतोय. यंत्र खिशात आलं. शाळेत होतं म्हणून पोरं शाळेत जायची. आता कशाला जायचं?

मामाचा हा मुद्दा साधा नाही. १९६० साली कॅमेरा, ध्वनियंत्र आणि संकलनाचे टेबल एका छपराखाली मिळणे हेच शाळेचे निम्मे मोल होते. आज तेवढ्यासाठी कुणी पुण्याला जाणार नाही. शाळेच्या बाजूचे उत्तर दुसरीकडून येते आणि ते यंत्राबद्दल नाही. ते पडवीत निघाले आवाजावरून.

भाचीने जानेवारीत पुण्यात ध्वनीचा काही दिवसांचा छोटा वर्ग केला होता. तेव्हापासून ती घरात कुठेही मोबाइल ठेवून काही न बोलता मिनिटभर बसते. आजीला वाटते पोरीला कुणाची नजर लागली.

भाची : प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. या पडवीची वेगळी, देवळाची वेगळी, गुहेतली वेगळी. संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये नुसती पोकळी ठेवली तर कानाला खड्डा लागतो. तिथं त्याच जागेची शांतता भरावी लागते. म्हणून शूटिंग झालं की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि एक मिनिट तीच घ्यायची.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. पॅकअपच्या आधी साउंडवाला ‘सायलेन्स’ ओरडतो आणि पन्नास माणसे मिनिटभर पुतळ्यासारखी उभी राहतात, हे तो वीस वर्षे पाहत आला होता. तो स्वतः हातातले थर्माकोल तसेच धरून उभा राहिला होता, शेकडो वेळा. का, हे कुणी सांगितले नाही आणि विचारायची पद्धत नव्हती.

मामा : मला वाटायचं, कुणी गेलंबिलं असेल.

उमेदवारी काय देते आणि काय देत नाही, हे या मिनिटावरून कळते. कसे करायचे ते सेट शिकवतो, आणि इतके पक्के की माणूस झोपेतही करील. का करायचे हे ज्याच्या कामाचे असेल त्यालाच कळते. लाइटमनला आवाजाचे कारण सांगायला सेटवर वेळ नसतो, कारण शिफ्ट मोजलेली असते आणि जनरेटरचे भाडे चालू असते. शाळेत हा वेळ असतो. शाळा विकते ती हीच वस्तू, दुसरी फारशी नाही. मामाने मात्र एवढ्यावर हार मानली नाही.

मामा : तुझ्या शाळेतली पोरं येतात आमच्याकडे. शांततेवर अर्धा तास बोलतील. आणि जनरेटर लावतील घराच्या पाठीशी. मग सगळ्या शॉटमध्ये घुर्र. जनरेटर लांब, टेकाडाच्या पलीकडं लावायचा, वारा कुठून येतो ते बघून, आणि तिथून केबल ओढायची. हे तुझ्या पुस्तकात आहे?

भाची : नाही.

मामा : तुझी ती शांतता आमच्या केबलवर उभी आहे, पोरी.

नावे घेऊन हा वाद मिटवण्याचा प्रयत्न नेहमी होतो. मामाच्या बाजूला नागराज मंजुळे, चैतन्य ताम्हाणे, भाऊराव कऱ्हाडे. ताम्हाणे मुंबईत इंग्रजी साहित्य शिकले. २०१४ सालच्या ‘कोर्ट’ने व्हेनिसमध्ये पदार्पणाचा पुरस्कार घेतला. कऱ्हाड्यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ केला, आणि त्याला विशेष उल्लेखाबरोबर स्थळावरच्या ध्वनिमुद्रणाचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाचीच्या बाजूला उमेश कुलकर्णी, सचिन कुंडलकर, छायालेखक सुधीर पळसाने, आणि छायालेखनातून दिग्दर्शनात आलेले अविनाश अरुण. त्यांच्या ‘किल्ला’ला २०१४ साली बर्लिनमध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने स्फटिकाचे अस्वल दिले. मग मामा फाळक्यांना पुढे करतो. फाळक्यांना कुणी शिकवले? भाचीकडे त्याचेही उत्तर आहे. फाळके जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, छपाईत मुरले होते, आणि तरीही १९१२ साली लंडनला गेले, हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहून आले. परतल्यावर पहिली गोष्ट केली ती पाठ सोडवण्याची. कुंडीत वाटाण्याचे रोप लावून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच्या नंतर, १९१३ साली.

ही नावांची कुस्ती फारशी उपयोगाची नाही. दोन्ही यादीत जिंकलेलेच आहेत. सेटवर आयुष्य घालवून क्लॅपच्या पुढे न गेलेले आणि डिप्लोमा घेऊन गावी परतलेले, दोघांचीही यादी कुणी करत नाही. शिवाय यादीतली नावे बाजू नीट पाळत नाहीत. मंजुळे शाळेशिवायचे म्हणावेत तर ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकताना केला. ती काही चित्रपटाची नामांकित शाळा नव्हे, जिल्ह्याच्या गावातला एक विभाग. पण कॅमेरा हातात द्यायला तेवढा पुरला. ‘देऊळ’ उमेश कुलकर्ण्यांचा, पण कथा, संवाद आणि मुख्य भूमिका गिरीश कुलकर्ण्यांची, आणि ते चित्रपटाच्या शाळेतून आलेले नाहीत. २०११ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता आणि संवाद असे तिन्ही मान त्याला मिळाले.

याहून बोलके उदाहरण पुण्यातच आहे. सुमित्रा भावे समाजशास्त्रीय संशोधन करत होत्या. झोपडपट्टीतल्या बायकांविषयी काढलेले निष्कर्ष त्याच बायकांपर्यंत पोहोचायचे तर अहवाल निरुपयोगी, म्हणून १९८५ च्या सुमारास त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. कॅमेऱ्याचे शिक्षण नाही, सेटवरची उमेदवारीही नाही. सुनील सुकथनकर एफटीआयआयमध्ये शिकलेले. दोघांनी मिळून ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’ केले आणि २०१६ च्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळाले. एकीला काय सांगायचे हे ठाऊक होते, दुसऱ्याने ते कसे सांगायचे हे शिकून घेतले होते, आणि पुढे कुणाचे काय हे वेगळे काढणे अशक्य झाले. घाटघरच्या पडवीत हे उदाहरण निघाले तेव्हा मामा म्हणाला की लाइटमन तिसरा होता, त्याचे नाव कुणाला माहीत नाही. हेही खरेच.

खरी रस्सीखेच होते ती पैशाची आणि वर्षांची.

मामा : तीन वर्षं घरात एक रुपया येणार नाही. मी पहिल्या दिवसापासून शिफ्टचे पैसे घेतलेत. थोडे, उशिरा, पण घेतलेत.

भाची : लाइटमनचे. दिग्दर्शकाच्या हाताखाली जो सहावा असिस्टंट उभा असतो, त्याला काय मिळतं पहिल्या पिक्चरला?

मामा : जेवण.

भाची : आणि गोरेगावात खोलीचं भाडं?

मामा : माझ्याकडं राहशील की.

भाची : तुमच्या एका खोलीत तुम्ही पाच जण आहात, मामा.

सेटची शाळा फुकट असते हा गैरसमज शहरातल्या, घरचे राहायला-खायला असणाऱ्या मुलांनी पसरवला आहे. फुकट उमेदवारी तोच करू शकतो ज्याच्या घरी चूल दुसरा कुणी पेटवतो. सरकारी संस्थेत फी आहे, पण वसतिगृहही आहे, आणि खासगी चित्रपट शाळांच्या मानाने ती फी कमी आहे. गोरेगावला चित्रनगरीच्या आवारातच २००६ साली निघालेल्या व्हिसलिंग वुड्ससारख्या ठिकाणी आकडा लाखांत जातो. त्या वाटेचा विचार घाटघरमध्ये कुणी करत नाही. भाचीने फॉर्ममध्ये लक्ष घातले ते सरकारी संस्थेच्याच.

पण तीन वर्षे खरोखर तीन वर्षे असतात का, हा मामाचा पुढचा प्रश्न. पुण्यात पूर्वी ती चार-पाच झाल्याची उदाहरणे आहेत. डिप्लोमा फिल्म लांबते, यंत्रासाठी रांग लागते, संप होतात. २०१५ साली अध्यक्षाच्या नेमणुकीवरून विद्यार्थ्यांनी केलेला संप १३९ दिवस चालला आणि तेव्हा २००८ च्या तुकडीचेही काम पुरे झालेले नव्हते. शेतीवर पोट असलेल्या घराला हे दिवस परवडत नाहीत. एक भाताचा हंगाम यात सहज जातो. मात्र त्या दिवसांचे काय झाले याचीही नोंद आहे. त्या काळात तिथे दिग्दर्शन शिकणाऱ्या पायल कपाडियांनी विद्यार्थ्यांच्या त्या वर्षांवर केलेल्या माहितीपटाला २०२१ साली कानमध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, आणि २०२४ साली त्यांच्या कथापटाने तिथला ग्रां प्री घेतला. त्याच वर्षी चिदानंद नाईक या विद्यार्थ्याच्या, चार दिवसांत चित्रित केलेल्या कन्नड लघुपटाने विद्यार्थी विभागात पहिला क्रमांक पटकावला. मामाने चार दिवस हे ऐकून मान डोलावली. शिफ्टचा हिशेब त्याला कळतो.

एक गोष्ट भाचीने शेवटपर्यंत काढली नव्हती, ती आईने हिरडा उलथता उलथता काढली. सेटवर बाया काय काम करतात?

मामाला सांगणे अवघड गेले. लाइटच्या खात्यात त्याने बाई पाहिलेली नाही. केस करणाऱ्या, कपडेवाल्या, आता बऱ्याच असिस्टंट, कॅमेऱ्यावरही काही. मेकअपची गोष्ट तर कोर्टापर्यंत गेली. मुंबईतल्या संघटनेचा नियम असा होता की बाईने केस करावेत, चेहरा रंगवायचे कार्ड पुरुषालाच. कित्येक दशके तो टिकला. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. उमेदवारीच्या पद्धतीत हुनर हातोहात जातो, आणि नियमही तसेच हातोहात जातात; खोडायचे तर कोर्टापर्यंत जावे लागते. शाळेची प्रवेशयादी निदान छापलेली असते. संकलक रेणू सलुजा सत्तरच्या दशकात त्या यादीतून आल्या आणि पुढे ‘जाने भी दो यारो’ आणि ‘परिंदा’ त्यांच्या टेबलावर घडले. शाळेत सगळे आलबेल असते असा याचा अर्थ नाही. पण आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर भाचीची बाजू इथे वरचढ ठरते, आणि मामाने ते बोलून दाखवले नाही तरी बिडी विझवली.

दोन्ही टोकांच्या मध्ये आता काही पायऱ्या झाल्या आहेत. २०१७ पासून एफटीआयआय स्वतःच आवाराबाहेर पडून गावोगाव छोटे वर्ग घेते. काही दिवसांचे, काही आठवड्यांचे, त्यात मोबाइलवर चित्रपट करण्याचेही. उन्हाळ्यात पुण्यात चित्रपट रसास्वादाचा वर्ग भरतो. तिथे चित्रपट करायला नाही, बघायला शिकवतात आणि बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले लोक सुट्टी काढून येतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची भरपाई यातून होत नाही. पण ज्या घराला तीन वर्षे परवडत नाहीत, त्याला आठ दिवस परवडतात, आणि लायकी आहे की नुसता नाद आहे हे आठ दिवसांत बऱ्यापैकी कळते. भाचीला जानेवारीत ते कळले होते.

तोडगा असा निघाला नाही. मामाचे म्हणणे, अर्ज भर, पण निकाल लागेपर्यंत दोन महिने माझ्याबरोबर ये, केबल ओढ, कॉल टाइम सकाळी सहाचा असतो म्हणजे काय ते बघ. भाचीचे म्हणणे, लेखी परीक्षेची तयारी त्या दोन महिन्यांतच करायची आहे. आईचे म्हणणे कुणी विचारले नाही. तिने हिरडा पोत्यात भरायला घेतला.

ऊन उतरायच्या आधी भाचीने मोबाइल पडवीच्या खांबाला टेकवून ठेवला आणि सगळ्यांना गप्प केले. मामा सवयीने जागच्या जागी थांबला. कोंबडी, पोत्यात पडणाऱ्या हिरड्याचा खडखडाट, लांबून कुणाची तरी हाक. चाळीस सेकंद झाले असतील, तेवढ्यात जुन्नरहून येणाऱ्या एसटीचा हॉर्न वाजला.

मामा : खोड. पुन्हा घे.

भाची : राहू दे. ही या वेळेला येतेच.

मामा : आवाज खराब झाला ना.

भाची : नाही झाला.

मामाने पुन्हा घे म्हणून हात केला. भाचीने मोबाइल उचलला आणि हॉर्नसकट ते मिनिट घाटघर, पडवी, संध्याकाळ या नावाने जपून ठेवले.